उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी

पालिकेच्या नियोजन विभागातल्या अधिकारी सुनंदाताई राऊत यांची आणि माझी पहिली भेट काशीमीऱ्याच्या माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये झाली. पालिकेच्या बागेसाठी केलेलं गेट पाहायला त्या स्वतः आल्या होत्या. बिजागरी निरखून म्हणाल्या, "याला तेल घालायचं तर कुठून?" तशी सोय मी ठेवलीच नव्हती. गेट पुन्हा करताना मनातल्या मनात मी जे बोललो, ते आज या गौरवग्रंथाच्या निमित्ताने मागे घेतो.

पालिकेत ताईंचा एक प्रश्न सगळ्यांना पाठ होता : "उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी काय?" प्रस्ताव कितीही मोठा असो, तिथे पुढे रोज झाडणाऱ्या, दिवे बदलणाऱ्या माणसांना त्या बैठकीत बसवत. "आता मॅडम झाडूचंही मत घेणार," अशी मागे कुजबुज चाले. माझे कान तिखट, मी ऐकलंय. ताईंनीही ऐकलं असावं, कारण पुढच्याच बैठकीत पहिला चहा त्यांनी झाडूवाल्या मावशींना दिला.

वरसाव्याकडच्या खाडीकिनाऱ्याचा प्रस्ताव त्यांच्याकडे तपासणीला आला, तेव्हा मी त्यात गुंतलेला होतो. जिथे होड्या ओढतात, मासळी सुकवतात, तिथे फरसबंदी, खाण्याचे गाळे आणि लांबलचक लोखंडी कठडा होणार होता. कठड्याचं काम मलाच मिळेल अशी चिन्हं होती. शेडमधल्या सहा जणांचं वर्ष त्यावर निघालं असतं. नमुन्याचा एक तुकडा मी तिथे हौसेने उभाही केला होता.

पाहणी सर्वांच्या सोयीने सकाळी ठेवली आणि नेमकी ओहोटी लागली. पाणी पार लांब. जागा भरपूर आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं. कडेला उभ्या असलेल्या होडीवाल्या हिराबाई ताईंना शांतपणे म्हणाल्या, "बाय, पानी घरी न्हाय तवा तुमी पावनी आल्याव. अवसेला या."

ताईंनी ती पाहणी कागदावर घेतलीच नाही. अमावास्येच्या भरतीला पुन्हा बोलावलं आणि नकाशात गाळे होते तिथेच खुर्च्या मांडल्या. बोलता बोलता पाणी खुर्च्यांखाली आलं. प्रस्ताव बनवणाऱ्या सल्लागारांनी पाय वर घेतले. ताई चपला हातात घेऊन पुढचा मुद्दा वाचत राहिल्या.

पावसाळा सरल्यावर त्यांनी मला माझ्या नमुन्यापाशी नेलं. "सावंत, हात फिरवा." रंगाचे दोन हात दिले होते, तरी तळवा गंजाने माखला. त्या म्हणाल्या, "हे तीस वर्षं कोण सांभाळणार, ते तुम्हीच लिहून द्या. लोखंड तुम्हाला कळतं."

लिहायला मला दोन दिवस लागले. पण लिहिलं. अहवालात ते जोडलं गेलं. कठडा रद्द झाला, गाळे मागे रस्त्यालगत सरकले, होड्यांची जागा राहिली. त्याबदल्यात ताईंनी मला दुसरं काम दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही. मात्र एका दुपारी त्या शेडमध्ये आल्या आणि काम का गेलं, हे माझ्या सहा जणांना स्वतः समजावून सांगितलं. ते सांगणं मला जड जात होतं, हे त्यांनी मी न सांगताच ओळखलं होतं.

ताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि गुडघे चिखलात उतरण्याइतके शाबूत राहोत. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी काय, असं त्या विचारणारच. ताई, हिराबाई होडीपाशी वाट पाहणार आहेत. भरतीची वेळ मी विचारून ठेवली आहे.