चार ओळींची मजुरी

नवी पेठेतल्या माझ्या चादरींच्या दुकानातला लॅपटॉप बिघडला की दुरुस्तीवाला पोरगा येतो. माउसला हात लावत नाही. काळ्या पडद्यावर एका बोटाने टाइप करतो आणि काम होईपर्यंत चहाकडे बघतही नाही.

परवा लॅपटॉपमधला वायफायचा ड्रायव्हर गेला, नेट बंद. एका हॉटेलला पाचच्या आत दरपत्रक पाठवायचं होतं, नाहीतर ऑर्डर गेली असती. त्याने चार ओळी टाइप केल्या, वायफाय लागलं. मग मजुरी सांगितली.

"चार ओळींचे एवढे?" मी आवाज चढवला.

त्याने शांतपणे पाचवी ओळ टाइप केली. वायफाय गेलं.

"घ्या शेट, तुमीच लिवा की चार ओळी. मी चहा पितो."

शेवटी मागितले तेवढे दिले. राग मात्र दरपत्रकावर काढला. प्रत्येक चादरीचा भाव वाढवूनच ते पाठवलं.