नाटकाची आगबोट

दामूअण्णा गेल्याची बातमी मला रेवसच्या धक्क्यावर कळली, आणि तिथे मला पाठवलं होतं ते त्यांनीच. क्लबच्या यंदाच्या नाटकाच्या सहलीला अजून दीडएक महिना होता, पण आगबोटीची वेळ बदलली असेल तर काय, या विचाराने त्यांना चैन पडेना. अंथरुणावर उठून बसत ते म्हणाले, "वसंत, तू स्वतः जाऊन विचारून ये. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नको." मी गेलो, वेळ विचारली. ती गेल्या वर्षीचीच होती. परतणार तोच चौलहून एक गाडीवान बैल पिटाळत आला. "मास्तर, चला मागं," एवढंच तो म्हणाला. वेळ बदललेली नाही हे मला त्यांना सांगताच आलं नाही...

आज त्याला सहा आठवडे झाले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दामूअण्णा आमच्या चौलच्या शाळेत मास्तर होते, मी त्यांच्या हाताखाली. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, आणि स्वभाव इतका काळजीचा की वर्गातला एखादा मुलगा शिंकला तरी त्याच्या घरी निरोप जायचा. गावात आम्ही दहाबारा जणांनी एक क्लब काढला होता. संध्याकाळी जमायचं, वर्तमानपत्र वाचायचं, पेटी वाजवायची. दरसाल मार्गशीर्षात सगळ्यांनी मिळून मुंबईला नाटक पाहायला जायचं ही कल्पना दामूअण्णांची. अशा घाबरट माणसाला ती कशी सुचली, याचं तेव्हा सगळ्यांनाच हसू आलं होतं.

पण ते नेत. पहाटे बैलगाड्या निघायच्या त्या उन्हं चढता रेवसला पोचायच्या. तिथून होडीने आगबोटीपर्यंत, आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर, गिरगावात एका ओळखीच्या मंगलकार्यालयात मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी रविवारचा दुपारचा खेळ. त्यांच्या पत्नी रमावहिनी सगळ्यांना पुरतील एवढ्या दशम्या आणि लसणाची चटणी बांधून देत. निघण्याआधी आठवडाभर अण्णांच्या पोटात अन्न ठरत नसे. होडीत बसले की दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून ठेवत. होडीचा तांडेल इब्राहिमभाई दर खेपेला म्हणायचा, "मास्तर, काय होत न्हाय. दर्या आज गाईवानी गरीब हाय." अण्णा मान हलवत, पण हात काही सोडत नसत.

पहिली दोन वर्षं फक्त पुरुष गेले. तिसऱ्या वर्षी अण्णांनी हट्टाने बायकांनाही घेतलं. थोडी कुरकुर झाली, मग ते अंगवळणी पडलं. खरा प्रसंग आला तो पुढच्या वर्षी, आणि तो आमच्याच घरातून आला.

माझी दुर्गाआत्या तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. केस काढलेले, अंगावर विधवेचं लाल आलवण. पन्नाशीला आली तरी चौलची शीव तिने ओलांडली नव्हती. त्या दिवशी अण्णा यादी करायला आमच्या ओटीवर बसले होते. माझे वडील नावं सांगत होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून आत्याचा आवाज आला. "मास्तर, नाटकात नदी दाखवतात म्हणे. ती खरीच ओली असते का हो?"

वडील हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी दौतीत टाक बुडवला, बराच वेळ तसाच धरला, आणि यादीत लिहिलं, 'दुर्गाबाई'.

"अण्णा, भलतंच काय?" वडील दचकले. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला पाठ आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "पण त्यांनी विचारलंय. मी काय उत्तर देऊ?"

लोक म्हणाले ते सगळं त्यांच्या अंदाजाप्रमाणेच. विधवेला नाटक दाखवणारा मास्तर आमच्या मुलींना काय शिकवणार, असा अर्ज तालुक्याच्या कचेरीत गेला. क्लबातल्या तीन घरांनी नावं काढून घेतली. नानासाहेब म्हणून आमच्यातले एक वडीलधारे होते. त्यांनी बैठकीत सरळ विचारलं, "बाईला वाटेत काही झालं, ती हरवली, कुणी काही बोललं, तर जबाबदार कोण?" अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "मी." मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. आत्या माझी, आणि मी एक शब्द बोललो नाही. नवी नोकरी होती, अर्जात माझंही नाव येईल ही धास्ती होती... हे इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी नेमका वारा होता. होडी आगबोटीला लागेना. बायका देवाचं नाव घेत होत्या, अण्णांनी डोळे मिटले होते, आणि आत्या मात्र तोंडावर उडालेलं पाणी पुसून ओठांनी चाखून बघत होती. "खारट आहे रे वसंता," ती मला म्हणाली. समुद्र तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

नाटकगृहात बायकांची जागा वर माडीवर, आमची खाली. पहिला अंक संपला, दिवे लागले, आणि अण्णा मोजदाद करायला माडीच्या जिन्याशी गेले. परत आले ते घामाने निथळत.

"वसंत, दुर्गाबाई वर नाहीत."

आम्ही धावलो. शेजारच्या बायका म्हणाल्या, आत्ता तर इथे होत्या. नळावर पाहिलं, चहाच्या दुकानात पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. बाहेर ट्राम, घोडागाड्या, माणसांचा लोंढा. जिला आमच्या गावचा बाजारही धड माहीत नव्हता, ती त्या गर्दीत गेली असेल तर? अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून "दुर्गाबाई! दुर्गाबाई!" अशा हाका मारत होते. येणारेजाणारे वळून पाहत होते. शाळेत मुलांवर कधी चढला नाही एवढा त्यांचा आवाज त्या दिवशी चढला होता. मला नानासाहेबांचा प्रश्न आठवत होता. अण्णांनाही आठवत असणार. दुसरी घंटा झाली.

मग द्वाररक्षक आला आणि म्हणाला, एक लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाई आत रंगमंचाच्या बाजूला आहेत, कुणाच्या आहेत?

आत्या तिथे विंगेशी उभी होती. रंगवलेल्या नदीचा पडदा घडी करून ठेवला होता, त्याच्यावर तिने तळहात टेकवला होता. आम्हाला पाहून ती जराही दचकली नाही. "कोरडी आहे हो मास्तर," ती म्हणाली. "पण वरून अगदी वाहती दिसते."

 अण्णा तिथेच फळीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आत्या बावरली. "मी चुकले का?" तिने विचारलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "नाही. तुम्हाला जवळून बघायचंय का पुढचं?"

त्यांनी द्वाररक्षकाची विनवणी करून खाली पुढच्या रांगेत, कडेला एक खुर्ची मांडून घेतली. आत्या बसली. शेजारचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "हे ध्यान इथे कशाला?" अण्णांनी त्यांना हात जोडले. "आमच्या बाई आहेत. बसू द्या." आणि नाटक संपेपर्यंत ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांची नजर सारखी दारांवर, माडीवर, आमच्या माणसांवर फिरत होती. त्या माणसाने पंधरा वर्षांत एकही नाटक नीट पाहिलं नसेल.

अर्जाचा परिणाम झाला. दामूअण्णांची बदली दिवेआगरला झाली. दोन वर्षं ते तिथे एकटे हाताने जेवण रांधून राहिले. पण दरसाल मार्गशीर्षात रजा काढून येत आणि यादीत पहिलं नाव दुर्गाबाईंचं लिहीत. आत्या आणखी चार वेळा गेली. पाचव्या वर्षाच्या पावसाळ्यात ती वारली. बोलपट आल्यावर कित्येकांना वाटलं, आता एवढा समुद्र ओलांडून नाटकाला कोण जाणार? पण सहल काही मोडली नाही.

परवा रमावहिनींना भेटायला गेलो. घरात त्यांच्याखेरीज कुणी नव्हतं. बोलता बोलता मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला कुठलं नाटक जास्त आवडलं होतं?"

त्यांनी उलट विचारलं, "मी कधी आले होते रे?"

मी आठवू लागलो. होडीत, कार्यालयात, माडीवर... दशम्यांची फडकी आठवली, वहिनी कुठेच आठवल्या नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"दरसाल विचारायची मी," त्या म्हणाल्या. "यांचा धाकटा भाऊ रेवदंड्याच्या खाडीत यांच्यादेखत बुडाला. होडी उलटली, हे वाचले. आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. कुणाला सांगायचे नाहीत. मला म्हणायचे, दुसऱ्यांच्या माणसांची काळजी मी कशीबशी झेलतो, रमा. तुझी नाही झेपायची. तू होडीत बसलीस तर मला बाकीचे दिसणारच नाहीत."

 मग त्यांनी विचारलं, "यंदाची यादी तूच करणार ना? माझं नाव घाल."

मी चाचरलो. "वहिनी, अण्णांना जाऊन अजून दोन महिनेसुद्धा... आणि लोक..."

"लोक बोलतील," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू बोलू नकोस म्हणजे झालं."

मी तिथेच कागद मागून घेतला आणि नाव लिहिलं. गावात आता ते कळलं आहे. काल शाळेत एका पालकाने माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. येत्या शनिवारी आम्ही निघतो आहोत. आज सकाळी मुद्दाम समुद्रावर जाऊन आलो. पाणी शांत आहे, वारा पडलेला आहे. तरी कालपासून माझ्या पोटात अन्न ठरत नाही.