एकाच चेहऱ्याच्या दोघी

मावशी आज सकाळी गेली. आणि मला आधी भीती वाटली ती आईसाठी.

रंजनामावशी आणि माझी आई जुळ्या. अगदी सेम टू सेम. मावशी दहा मिनिटांनी मोठी.

आईला सांगलीला दिलेलं. तिचं बरं चाललं. मावशीला मेढ्याला. तिची दोन बाळं लागोपाठ गेली, वर सासरचा मार. मग तिला कानात आवाज यायला लागले. मामानं तिला माहेरी, शिरवळला परत आणलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अकरावीत. मामा मावशीला मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन आला. आईही आली, पण दवाखान्यात शिरेना.

"तिच्यात मला मीच दिसते गं. लय भ्या वाटतंय."

मामा केसपेपर काढायला गेला. आत मी आणि मावशी.

डॉक्टर म्हणाले, "एकसारख्या जुळ्या असतील तर दुसरीलाही या आजाराचा धोका असतो. पण होईलच असं नाही."

"मग एकीलाच का झालं?" मी विचारलं.

"ते आम्हालाही नीट सांगता येत नाही."

मावशी इतका वेळ भिंतीकडे बघत होती. एकदम वळली.

"सायेब, भाईर बसलीय तिला सांगू नगा. लय भित्री हाय ती. माझ्यापरीस बारकी हाय."

मी नाही सांगितलं. तरी आई भीतच राहिली. रोज संध्याकाळी विचारायची, "आज मी काय येडंवाकडं बोलले का गं?"

पुढे एपिजेनेटिक्सबद्दल वाचलं. जीन्स तेच असले तरी मार, दुःख, उपासमार यांमुळे त्यांतले काही चालू किंवा बंद होऊ शकतात म्हणे. पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही.

वाचून धीर यायला हवा होता. माझी झोपच उडाली.

मार खाऊन जे होतं, ते वर्षानुवर्षं भिऊन होत नसेल कशावरून? आणि त्या भीतीत वाढले, त्या माझं काय?

मावशी सांगलीला कधीच आली नाही. "मला न्हाई यायचं" एवढंच म्हणायची. आम्हाला वाटायचं, आजारपण, दुसरं काय. आम्हीही फार आग्रह केला नाही. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटायचं.

आज शिरवळला आई मावशीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. मिरजेत मावशी काय म्हणाली होती, ते मी तिला आज सांगितलं.



"म्हंजी मी भिऊ नये म्हणून येत नव्हती व्हय ती?"

मग आई उठली आणि मावशीचा हात हातात घेऊन बसली. उचलायची वेळ झाली तरी सोडेना.

मावशी, मला अजूनही भीती वाटते गं. तुला मनापासून शेवटचा नमस्कार.