नकाशातली मावशी

तिला सगळे नकाशेवाली म्हणत. प्रवासाच्या मासिकांसाठी ती शहरांचे नकाशे हाताने काढायची. तिच्या नकाशात पुलाखाली बदकं पोहायची, न्हाव्याच्या दुकानाबाहेर मांजर आळस द्यायचं आणि घंटाघर शेजारच्या इमारतींपेक्षा जरा ऐटीत उभं असायचं. आधी गल्लीबोळ पायाखाली घालायचे, मग पेन्सिल, मग शाई आणि शेवटी रंग.

एकदा तिला स्वतःच्याच शहराचा नकाशा काढायला मिळाला. मोठमोठ्या जागा काढून झाल्यावर एका कोपऱ्यात बोटभर जागा उरली. तिथे तिने मावशीची गल्ली बसवली. मावशीनेच तिला लहानाची मोठी केली होती. शिंप्याकडचे सदरे आणून ती काजं-बटणं करायची. खोलीत उजेड नाही, म्हणून दिवसभर दारातल्या पायरीवर. नकाशेवालीने ती तशीच काढली, मांडीवर सदरा घेतलेली. खाली लिहिलं, ‘शहरातला सर्वात निवांत कोपरा’.

मावशीने चित्र डोळ्यांजवळ धरलं. "अगं, नाक केवढं काढलंस! पोपट आहे का मी?" म्हणाली आणि पोट धरून हसली.

नकाशा हातोहात खपला. माणसं गल्ली शोधत येऊ लागली. सुरुवातीला मावशीला मजाच वाटली. "एक बाई आली होती. मला गोड म्हणाली. तुझ्या काकांनी जन्मात कधी म्हटलं नाही!"

पण बघता बघता रांग लागली. लोक पायरीवर बसायचे, तिच्या हातातला सदरा घेऊन फोटो काढायचे, दारातून वाकून तिचा पलंग बघायचे. सुईवर सतत कुणाची तरी सावली. बटणं वाकडी लागू लागली. शिंपी भला माणूस, पण गिऱ्हाइकांपुढे त्याचंही काही चालेना. त्याने काम देणं थांबवलं. मावशी दार लावून बसली, तर बाहेरून टकटक.

नकाशेवाली तडक संपादकाकडे गेली. "पुढच्या छपाईत ती गल्ली काढून टाकते."

"वेड लागलंय का? लोक त्या कोपऱ्यासाठीच नकाशा घेतात," तो म्हणाला. मग जरा मवाळ झाला. "आणि काढून उपयोग काय? ज्याच्या-त्याच्या फोनवर पोचलाय. आता तो तुझ्या हातात नाही आणि माझ्याही."

मग ती स्वतःच गल्लीच्या तोंडाशी उभी राहू लागली. येणाऱ्याला सांगायची, "इथे बघण्यासारखं काही नाही हो. ही ती गल्ली नव्हे." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नकाशा उलगडून तिच्यासमोर धरला. "नाही कशी? हे बघा ना, इथेच तर आहे. ज्याने काढलाय त्याने फार मन लावून काढलाय." ती बाजूला झाली.

पुढे घरमालक आला. "मावशी, तुमच्या भल्याचंच सांगतो," अशी सुरुवात करून त्याने खोली रिकामी करायला सांगितलं. गल्ली बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याला भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. भांडायला मावशीकडे ना कागद होता, ना कंठ. नकाशेवालीने तिला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आणलं, रंगाचं टेबल भिंतीला सरकवलं आणि पलंग लावला.

"मावशी, माझ्यामुळे झालं गं हे सगळं."

"तू काय केलंस? प्रेमानेच काढलंस ना मला?" मावशी पांघरुणाची घडी करत म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण इथे मी दिवसभर करू काय, ते सांग."



आता दुपारी मावशी जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहते. एवढा जिना उतरायला तिचे गुडघे राजी नाहीत. खालून कुणी ओळखीचं जाताना दिसलं की हाक मारते. रस्त्यावरचा गोंगाट वर येतो, तिची हाक मात्र खाली पोचत नाही. आत नकाशेवाली मान खाली घालून दुसऱ्या कुठल्याशा शहराचा बाजार रंगवत असते. मावशीची प्रत्येक हाक तिला ऐकू येते.