अल्सेशियनचे चार दिवस

पुण्यात आयटी कंपन्या आल्या, हातात पैसा खेळायला लागला आणि कोथरूडच्या फ्लॅटांमध्ये नाना जातींची कुत्री दिसायला लागली. त्या काळात मी कुत्र्यांची चित्रं काढायचे. सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी विश्रांतवाडीहून स्कूटीला रंगांची पेटी बांधून निघायचं. फोटोवरून चित्र काढणारे पुष्कळ होते. मी कुत्र्यासमोर बसून काढायचे, म्हणून लोक मला बोलवायचे.

समोर बसलं की जात कळते. लॅब्रॅडॉर दहा मिनिटं शहाण्यासारखा बसतो, मग त्याला माझ्या डब्याचा वास लागतो आणि त्या दिवसाचं काम संपतं. डॅशहुंड हट्टी, सोफ्याखाली शिरला की शेपटीच तेवढी काढायला मिळते. सदाशिव पेठेतली एक पॉमेरियन मी खोडरबर उचलला की पाठ फिरवायची. तिच्या मालकीणबाई म्हणाल्या, "तिला चुका खपत नाहीत. आम्हालाही."

अल्सेशियनची गोष्ट वेगळी. तो सतत कामावर असतो. घरात कोण कुठल्या खोलीत आहे, कोण बाहेर गेलं, याचा हिशेब त्याच्या कानांवरून वाचता येतो. मला सगळ्यात आवडायचे ते अल्सेशियनच, आणि ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली तोही अल्सेशियनच होता.

कोथरूडमध्ये चौथ्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शिक्षिका होत्या. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत. पिल्लू आणलं त्याने आणि वर्षभरात तो तिकडे गेला. कुत्रा राहिला आईवडिलांकडे. मी गेले त्या मंगळवारी काकूंच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं.

"शुक्रवारपर्यंत होईल ना?" काकांनी दारातच विचारलं.

"इतकी घाई कशासाठी?"

काकूंनीच सांगितलं. गेल्या चार महिन्यांत तो तीन जणांना चावला होता. आधी इस्त्रीवाल्याला, मग सोसायटीच्या वॉचमनला, त्याला टाके पडले. आणि आठवड्यापूर्वी स्वतः काकूंना. सोसायटीने पत्र दिलं होतं. शनिवारी सकाळी डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देणार होते.

"मुलाला माहीत आहे?"

"त्याला सांगायचं नाही," काका म्हणाले. "आजारपणाने गेला म्हणू. चित्र त्याच्यासाठीच आहे. अन् हे बघा, तुम्ही चित्र काढायला आलात. बाकीचं आमच्यावर सोडा."

मी परत फिरायला हवं होतं. लहानपणापासून रोज बुद्धवंदनेत मी पहिलं शील म्हणत आले, जीव न मारण्याचं. आणि मारायच्या आधी त्याचं चित्र काढायला मी होकार दिला होता. संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू नाही काढलंस तर वाचणार आहे का तो?" मी पेन्सिलींना टोक करायला बसले.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कुत्रा बाल्कनीच्या दाराशी बसायचा, काका त्याची साखळी मनगटाला दोन वेढे देऊन धरायचे आणि मी समोर सहा फुटांवर. चावऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघू नये हे मला ठाऊक होतं. पण डोळ्यांत बघितल्याशिवाय चित्र कसं काढणार? मी अर्धा श्वास घेऊन वर बघायचे आणि लगेच कागदाकडे वळायचे. पेन्सिल हातातून निसटून फरशीवर वाजली तेव्हा तो ताडकन उठला. काकांचा हात ताणला गेला. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, काय झालं?" काही झालं नव्हतं. पण पेन्सिल मी वाकून न उचलता पायाने ओढून घेतली.

गुरुवारी मी रंग भरायला घेतले आणि अडले ती डोळ्यांपाशी. डावा डोळा काळा येत होता. उजव्यात सुंदर मधाळ तपकिरी रंग होता, तोच डाव्याला दिला की चुकीचा वाटायचा. तीनदा पुसला. मग धीर करून नीट बघितलं. बाल्कनीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. उजव्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. डावी मात्र तशीच मोठी, काळीभोर, अंधारात असते तशी.

घरी जाताना आणि रात्री जेवतानाही तेच डोक्यात होतं. तो चावला होता ते कुठल्या बाजूने?

शुक्रवारी मी गेल्या गेल्या काकूंना विचारलं, "तुम्हाला चावला तेव्हा तुम्ही त्याच्या कुठल्या बाजूला होतात?"

काकूंनी आठवलं. "मी भांडं ठेवत होते. इकडून." त्यांनी कुत्र्याच्या डाव्या बाजूला हात दाखवला. "वॉचमन लिफ्टमध्ये होता. भिंत याच्या उजव्या बाजूला, म्हणजे... तोही इकडेच."

"काय चाललंय?" काका आतून आले.

"काका, याला डाव्या डोळ्याने दिसत नाही असं मला वाटतं."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग? आम्ही कसं ठरवलंय हे आमचं आम्हाला माहीत आहे. उगाच आशा लावू नका हिला."

पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "साखळी घट्ट धरा फक्त," मी म्हटलं. काकांनी का कोण जाणे, धरली. मी पेटीतल्या कापसाचा बोळा उजव्या बाजूने खाली सोडला. कुत्र्याची मान लगेच वळली. दुसरा डाव्या बाजूने सोडला. बोळा त्याच्या पंजाजवळ पडला, त्याला पत्ता नाही. काका बघत राहिले. मग मी चूक केली. बोळा उचलायला त्याच डाव्या बाजूने वाकले आणि माझा हात त्याच्या गालाला लागला.

नुसता आवाज आला, भुंकण्याचाही नव्हे. माझी बाही त्याच्या दातांत होती आणि काका दोन्ही हातांनी साखळी ओढत होते. कापड फाटलं. मी भिंतीला जाऊन टेकले. दंडावर ओरखडा आला होता, रक्त नव्हतं. मग कुत्र्याने मान पुरती फिरवली, उजव्या डोळ्याने मला बघितलं आणि बाही टाकून दिली. कान मागे पाडून तो काकांच्या पायांत शिरला. थरथरत होता तो.

"घाबरलाय हो," काकू म्हणाल्या. "त्या बाजूने आपण कुणीच त्याला आधी दिसत नाही."

काका खाली बसले, साखळी हातात तशीच.

शनिवारी मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. डॉक्टरांनी बॅग उघडण्याआधी काकांनीच त्यांना थांबवलं. "आधी डोळा बघा." डॉक्टरांनी टॉर्च मारला, दोनदा मारला. "आतला पडदा सुटलाय. बरेच महिने झाले असावेत. बाहेरून सहजी कळायचं नाही." मग बॅगेकडे बघून त्यांनी विचारलं, "याचं काय करायचं?"

"राहू द्या," काका म्हणाले.

सोसायटीला पटवायला महिना गेला. शेवटी तोंडाला जाळी आणि लिफ्ट बंद, या अटींवर तो राहिला. काकांनी मुलाला फोन करून सगळं सांगितलं, शनिवारचं इंजेक्शनसुद्धा. मुलगा तीन महिने वडिलांशी बोलला नाही. काकू म्हणायच्या, सांगायला नको होतं. काका म्हणायचे, सांगायलाच हवं होतं. त्या दोघांचं यावर कधी एकमत झालं नाही.

माझे आभार काकांनी कधी मानले नाहीत. चित्र पुरं करायला मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा ते जिन्यातच भेटले. गुडघे दुखत असून दिवसातून दोनदा ते त्याला चार मजले चढवत-उतरवत होते. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले होते, कठड्याला धरून. कुत्रा त्यांच्या उजव्या हाताला उभा होता, न दिसणारी बाजू त्यांच्याकडे करून. मला बघून भुंकला.

"आधी आवाज द्या, मग वर या," काका मला म्हणाले. "त्याला कळू द्या कोण आहे ते."

मी खालूनच हाक मारली आणि मग पायरी चढले.