नळदुर्गच्या मास्तरांचा लंडनचा अर्ज

नळदुर्गात त्या काळी कुणाच्या तोंडात तीळ भिजत नसे. पोस्टमास्तर विष्णुपंतांच्या तोंडात तर तो टेकतही नसे. अशा गावात अठ्ठावन्न साली शांतलिंग मास्तर लंडनचं पाकीट रजिस्टर करायला स्वतःच्या पायांनी पोस्टात गेले. माणूस शिकलेला होता, पण भोळा.

मास्तर मूळचे जळकोटचे. वडील लवकर गेले. आई रुद्रम्मानं लोकांच्या रानात खुरपून पोराला वाढवलं. निजामाच्या अमलात शाळा उर्दूत झाली. मुलूख विलीन झाला तसा पोरगा मराठी-इंग्रजीकडे वळला आणि हैदराबादेत अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाला. सुगीत ज्वारी का पडते आणि आषाढात का चढते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांना मात्र ते गणितानं मांडून दाखवायचं होतं, आणि ती विद्या लंडनात मिळते असं त्यांनी वाचलं होतं. हैदराबादच्या प्राध्यापकांनी शिफारसपत्र दिलं आणि बजावलं, "जगभरातून अर्ज येतात, घेतात चार-दोन. आशा ठेव, पण गावभर करू नकोस."

गावभर करायला मास्तर कशाला लागतात? विष्णुपंत होते ना.

"लंडन!" पाकीट तराजूत टाकत विष्णुपंत एवढ्या जोरात म्हणाले की दारातली शेळी उठून गेली. "काय काम काढलं, मास्तर?"

"पुढच्या शिक्षणाचा अर्ज आहे. अजून काही ठरलेलं नाही."

"ठरायचं काय त्यात? आम्ही शिक्का मारून धाडतोय!"

शिक्क्याची शाई वाळायच्या आत बातमी मोटार स्टँडवर पोचली. तिथल्या हॉटेलात मास्तर बोटीत बसले. बाजारातून बातमी फिरून घरी आली, तोवर मास्तरांनी तिकडं एक मडमही केली होती. रुद्रम्मा दोन दिवस पोराशी बोलल्या नाहीत. शेजारच्या नागूबाईंचं दुःख वेगळंच होतं. "पैशाचं शास्तर शिकायला एवढा पैसा घालून जायचं? मग ते शास्तर आदीच हुकलं की रे लेकरा!"

आणि सत्कार ठरला. गावचे पुढारी बब्रुवान यांना भाषणाची लई हौस; विलीनीकरणापासून त्यांना तोलामोलाचा प्रसंगच मिळाला नव्हता. मारुतीच्या देवळापुढं फेटा, नारळ, हार, सगळं झालं. मास्तर उठून म्हणाले, "मंडळी, मी फक्त अर्ज केलाय," तर लोकांनी तो विनय समजून टाळ्या पिटल्या. शेवटी धुळाप्पा धनगर पुढं आला आणि नवीकोरी घोंगडी मास्तरांच्या खांद्यावर टाकून म्हणाला, "तिकडं हाडं गोठत्यात म्हनं."

उन्हाळ्यात उत्तर आलं. विष्णुपंतांनी ते स्वतः घरी आणून दिलं आणि जन्मात पहिल्यांदा, काय आलंय, असं विचारलं नाही. मास्तरांचा चेहराच सांगत होता. जागा थोड्या, गणित कच्चं, क्षमस्व.

"कुणाला बोलू नका," विष्णुपंत हळूच म्हणाले. "पुण्याला माझा भाचा असतो. दोन वर्षं तिकडंच राहा. तुमची पत्रं मी इथं लंडनची म्हणून वाटतो. आपलंच पोस्ट आहे!"

खोटं कशाला बोला, मास्तरांना ते पटलं. हार घातलेल्या गावापुढं उभं राहण्यापेक्षा पुणं सोपं होतं. त्यांनी ट्रंक भरायला घेतली. कपडे गेले, पुस्तकं गेली. घोंगडी मात्र हातात घेतली आणि ते तसेच बसून राहिले. लंडनसाठी दिलेली वस्तू पुण्याला न्यायची कशी? ती परत करायला म्हणून ते धुळाप्पाच्या वाड्याकडं, म्हणजे त्याच्या मेंढरांकडं गेले.

"धुळाप्पा, माझा अर्ज नामंजूर झाला. हे घ्या तुमचं."

धुळाप्पानं घोंगडीकडं बघितलंसुद्धा नाही. "मास्तर, यंदा गाभ गेला म्हून मेंढी कुनी खाटकाला देतं व्हय? फुडल्या साली व्यती की! आन दिल्याली वस्तू म्या परत घेत न्हाय. थंडी काय लंडनलाच पडती?"

मास्तर तिथून थेट देवळापुढं गेले. पारावर बसलेल्या मंडळींना त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "मला घेतलं नाही. माझं गणित कमी पडलं. सत्कार फुकट गेला." मग बब्रुवान खाकरले.

"भाषण आमचं बरं झालं होतं ना?"

"उत्तम झालं होतं."

"मग फुकट कसा गेला? बसा."

त्या वर्षी दर रविवारी मास्तर मिळेल त्या ट्रकनं सोलापूरला जाऊन एका प्राध्यापकांकडं गणित शिकले. कांद्याच्या पोत्यांवर बसून उदाहरणं सोडवणारा माणूस त्या रस्त्यानं पुन्हा बघितला नाही. पुढच्या साली पाकीट तराजूत पडलं तेव्हा विष्णुपंतांनी फक्त वजन सांगितलं. आणि पुढं जे झालं ते आजही खरं वाटत नाही. त्या अख्ख्या गावानं तोंड बंद ठेवलं. मास्तरांना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, हे घराघरात माहीत होतं; बोललं मात्र कुणी नाही. पुन्हा काही फिसकटलं तर पोराला मान खाली घालायला लागू नये, एवढंच. जळकोटच्या सख्ख्या मामांना बातमी कळली ती बोट सुटल्यावर. ते मरेपर्यंत रुसलेले होते.

निघायच्या सकाळी मोटार स्टँडवर अर्धं गाव होतं, आणि सगळे म्हणे सहज आलेले.

"कुठं निघाला, मास्तर?" बब्रुवाननी विचारलं.

"सोलापूरला."

"बरं, बरं. आम्ही आपलं वारं खायला आलोय."

नागूबाईंनी दशम्यांचं गाठोडं पुढं केलं. ते सोलापूरला दहा फेऱ्यांना पुरलं असतं. "जपून रे बाबा," त्या म्हणाल्या, "सोलापुरात बर्फ पडतो म्हनं." बब्रुवान घाईघाईनं आभाळाकडं बघायला लागले. रुद्रम्मांनी पोराच्या कपाळाला विभूती लावली आणि तोंडावर पदर धरला; हसायला की रडायला, ते त्यांनाच ठाऊक.

गाडी सुटली. कुणी हात हलवला नाही. ती वळणाआड जाऊन धूळ खाली बसेपर्यंत विष्णुपंतांनी कसाबसा दम धरला. मग ते बब्रुवानकडं वळून म्हणाले,

"आता सांगू का?"