रावजीचा अंतरा

"अक्का, हे पातेलं आत ठेवा. जेवण आम्ही आणलंय."

मॅनेजर असं म्हणाला. पातेल्याला हात न लावता, नुसतं बोट दाखवून. माझी आई पातेलं धरून उभी. त्यात एण्णेगायी, म्हणजे आमच्याकडची भरली वांगी. पहाटे उठून केलेली. शेजारी टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या, वर धुतलेलं फडकं.

मॅनेजरच्या मागून ड्रायव्हर डबे घेऊन आत आला. धारवाडच्या कुठल्याशा खानावळीचे डबे. उघडले तर आत काय? ज्वारीची भाकरी. भरली वांगी. शेंगाचटणी. आईने केलं होतं तेच जेवण. फक्त करणारे हात दुसरे.

"हे तुमच्या ताटांत काढा अक्का. ताटं तुमचीच पाहिजेत. स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री."

थोडं चालवून घ्या. हुबळीत हे वाक्य उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर पडतं. बसमध्ये, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात. आम्हीही म्हणतो. त्या दिवशी ते आमच्या चुलीपर्यंत आलं. आईने पातेलं आत नेऊन ठेवलं. पदराला हात पुसले. खानावळीची वांगी आमच्या ताटांत वाढली. कॅमेऱ्यासाठी एक भाकरी तव्यावर उलटीसुलटी केली.

मग अण्णा आत आला.

त्याला सगळं कर्नाटक अण्णा म्हणतं. धारवाडच्या मराठी वकिलाचा मुलगा, कन्नड सिनेमात गाऊन मोठा झालेला. त्याची गाणी आमच्या ऑर्केस्ट्रात मी किती लग्नांत म्हटली असतील, विचारू नका. गेल्या काही वर्षांत तो सिनेमापेक्षा समाजावर जास्त बोलू लागला होता. जात मोडा, माणसं जोडा. गावोगाव फुकट कार्यक्रम करायचा, मधे मधे भाषण द्यायचा. लोक रडायचे. मीही रडले होते, खोटं कशाला सांगू.

तो खाली बसला. मांडी घालून. भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला, तोंडात घातला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "आईच्या हातची भाकरी. संगीताला जात नसते."

आई हसली. तिला हसायला सांगितलं होतं.

तो आमच्या घरी का आला, ते सांगते. त्याला गाणं हवं होतं. माझ्या वडिलांचं.

माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार. दिवसभर डब्यांच्या लोखंडाशी झटायचे आणि जेवणाच्या सुट्टीत पत्र्यावर खडूने गाणी लिहायचे. सुट्टी संपली की पुसायचे. घरी येईपर्यंत पाठ झालेली असायची. छापलं कुणी नाही, रेडिओवर कुणी घेतलं नाही. आमच्या वस्तीत जयंतीला ती गायली जायची, तिथून बेळगाव, तिथून अळणावर. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात.

आमच्या गाण्यांत एक रीत आहे. शेवटच्या अंतऱ्यात रचणाऱ्याचं नाव येतं. रावजी म्हणे, असं. दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्याने ते नाव घ्यायचंच. गळा कुणाचाही असो, नाव त्याचं. ते टाळलं तर ती चोरी. अळणावरच्या एका कार्यक्रमात एका गायकाने मेलेल्या शाहिराचा शेवटचा अंतरा खाऊन टाकला. वडील समोर सतरंजीवर बसले होते. उठले, पेटीवाल्याला हाताने थांबवलं, तो अंतरा स्वतः म्हटला आणि परत येऊन बसले. शिव्या नाही, भांडण नाही. त्या गायकाची मान वर झाली नाही.

वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एक फोटो आणि ही गाणी उरली. मी दिवसा कमरीपेठेत ब्लाऊज शिवते, सुट्टीला ऑर्केस्ट्रात गाते. मागच्या जयंतीला मी त्यांचं एक गाणं म्हटलं. रुळाकाठी कोळसा वेचणाऱ्या आईचं गाणं. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि ते पसरलं. अण्णाने ते आपल्या पानावर टाकलं, खाली हात जोडल्याचं चित्र. आठवड्याभरात मॅनेजरचा फोन. अण्णांना हे गाणं तुमच्यासोबत गायचं आहे. रायापूरच्या मैदानावर. हजारो लोकांसमोर.

आणि म्हणून ते जेवण.

हात धुऊन झाल्यावर अण्णा माझ्याकडे वळला. कॅमेरा तेव्हा बंद होता.

"गाणं फार गोड आहे गं. फक्त तो चौथा अंतरा काढू या. तो जरा भाषणासारखा होतो. आणि हा रावजी कोण, लोकांना कळणार नाही."

"माझे वडील," मी म्हणाले.

"हो का? वा." त्याने मोबाइलमध्ये पाहिलं. "पण माणूस गाण्यापेक्षा मोठा नसतो."

मला ते स्टेज हवं होतं. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात, वरातीच्या बँडशी घसा ताणत गायलेली बाई मी. कुणीतरी ऐकावं, नीट ऐकावं, एवढं एकच मागणं होतं आयुष्याचं. मी मान हलवली.

ते गेल्यावर आईने पातेलं परत बाहेर आणलं. मला वाढलं. स्वतः घेतलं नाही.

"खा की," मी म्हटलं.

"भूक न्हाई गं," ती म्हणाली. "पाहुण्याला काय म्हणायचं. मोठा माणूस हाय."

मी ताट झाकून ठेवलं. मशीनवर बसले तर शिवण वाकडी जायला लागली. उठले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. शेजारणी विचारत होत्या, अण्णा जेवला का, काय काय केलं होतं. मी हो हो म्हणत होते. पुढचे दिवस असेच गेले. गाण्याचा सराव करायला बसले की तीन अंतरे व्हायचे आणि चौथा आपोआप तोंडात यायचा. जीभ चावून थांबायचे.

तालमीला धारवाडला गेले तेव्हा एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली. पहिल्या अंतऱ्यात आई कोळसा वेचते. दुसऱ्यात पोर शाळेच्या दाराबाहेर बसतं. तिसऱ्यात आई मरते. या तिन्हीला अण्णाचे डोळे भरून यायचे. खरंच यायचे, तो ढोंग करत नव्हता. आणि चौथ्यात वडिलांनी काय लिहिलं होतं?

रावजी म्हणे, हक्काने मागा, हात जोडू नका.

त्याने नुसतं नाव कापलं नव्हतं. रडायचं तेवढं ठेवलं होतं, मागायचं तेवढं कापलं होतं. आमचं दुःख त्याला चालत होतं. आमचं मागणं चालत नव्हतं. आईची भाकरी त्याला फोटोत हवी होती, पोटात नको होती. हे कळलं तेव्हा तालीम संपताच मी तडक बाहेर निघून आले. रागाने की लाजेने, कोण जाणे. बहुतेक दोन्ही.

आमच्या ऑर्केस्ट्रातले ढोलकीवाले बाबूमामा माझ्यासोबत होते. मी हट्टाने त्यांना घेतलं होतं. परतीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "मामा, चौथा अंतरा सोडवत नाही मला."

मामा म्हणाले, "त्यांचं सगळं ट्रॅकवर असतं पोरी. तीन अंतऱ्यांनंतर मशीनच बंद होतं. तू कशावर गाणार?"

"ढोलकीवर."

मामांनी मांडीवरच्या ढोलकीच्या दोऱ्या ताणून पाहिल्या.

रायापूरचं मैदान. संध्याकाळ. दिवे, पडदे, माणसंच माणसं. आईला दुसऱ्या रांगेत खुर्ची दिलेली. नवं लुगडं नेसून ती आखडून बसली होती. अण्णाने गाण्याआधी भाषण केलं. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. मी हिच्या घरी गेलो, म्हणाला. जमिनीवर बसलो. हिच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली. तशी भाकरी मी जन्मात खाल्ली नाही.

टाळ्या पडल्या. आईच्या शेजारी आमच्याच वस्तीतली गंगव्वा बसली होती. तिने आईच्या मांडीवर थाप मारली आणि काहीतरी विचारलं. मी वरून बघत होते. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण कळलं. आईने मान हलवली. हो.

माझ्या आईला उभ्या जन्मात कुणाशी खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. त्या माणसाची लाज झाकायला ती सगळ्या मैदानासमोर खोटं बोलली. तिची भाकरी नाकारली त्याने, आणि त्याचं खोटं निस्तरायचं तिने.

तिथेच माझ्यातलं काहीतरी तुटलं. किंवा जुळलं.

गाणं सुरू झालं. मी गायले. चांगली गायले. तीन अंतरे झाले. लोक डोळे पुसत होते. अण्णाने हात जोडले. ट्रॅक थांबला. दिवे मंद व्हायला लागले.

मी थांबले नाही.

मी चौथा उचलला. ताल नाही, सूर धरायला पेटी नाही. पहिली ओळ एकटीच म्हटली. दुसऱ्या ओळीला मामांची ढोलकी आली. आधी हळू, मग सरळ हातांनी. मी "रावजी म्हणे" एवढं म्हटलं आणि माईक मेला. कुणीतरी बटण खाली ओढलं असणार. मी माईक स्टँडवर ठेवला आणि नुसत्या गळ्याने म्हणत राहिले. हक्काने मागा, हात जोडू नका. मागच्या हजारोंना काही ऐकू गेलं नाही. पुढच्या चार रांगांना गेलं. अण्णाचे हात जोडलेलेच होते. त्याला ते सोडावे की तसेच ठेवावे, कळेना.

मग तो सावरला. माझ्या खांद्यावर हात टाकून स्वतःच्या माईकमध्ये म्हणाला, "आमची बहीण जरा इमोशनल झाली."

लोक हसले. पुन्हा टाळ्या.

पडद्यामागे मॅनेजर माझी वाट बघत होता. मराठी विसरला होता. "नीवु हाळ माडिद्री," म्हणाला. तुम्ही वाट लावलीत. आम्हाला घरी सोडायला गाडी यायची होती, ती आली नाही. मामा, आई आणि मी बस पकडून हुबळीला आलो. वाटेत आई एकच वाक्य बोलली.

"त्यांचं नाव घेतलंस. बरं झालं."

त्यानंतर मोठ्या ऑर्केस्ट्रांनी मला बोलावणं बंद केलं. मामांचीही दोन लग्नांतली वाजवायची कामं गेली. गाणं पुढच्या महिन्यात मोबाइलवर आलं. बंगळूरच्या कुणा मुलीच्या आवाजात. तीन अंतरे. मधे अण्णा आमच्या घरात भाकरी मोडताना दिसतो, आई हसताना दिसते. खाली लिहिलं होतं: गीत, पारंपरिक.

पारंपरिक. माझा बाप. ज्याचे लोखंडाने सोललेले हात मी धुतले, ज्याचा खोकला भिंतीपलीकडून ऐकला, तो पारंपरिक. मी फोन करून विचारलं. मॅनेजर म्हणाला, "लोकगीत आहे ना ते अक्का? सगळ्यांचं असतं."

सगळ्यांचं. म्हणजे आमचं सोडून सगळ्यांचं.

मी बसून राहिले नाही. सफाई कामगार बायका पालिकेच्या दारात बसल्या होत्या, कायम करा म्हणून. तिथे गेले, चारही अंतरे म्हटले. ना स्टेज, ना दिवे. उन्हात बसलेल्या बायका. चौथ्या अंतऱ्याला त्या टाळ्या वाजवायच्या थांबल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. असं ऐकणं मला त्या मोठ्या मैदानाने दिलं नव्हतं. मग दुसऱ्या वस्तीने बोलावलं, मग बेळगावने.

आणि मग निवडणूक आली. अण्णाला तिकीट मिळालं. मॅनेजर परत आमच्या दारात. या वेळी चप्पल काढून आत आला, आईने दिलेला चहा प्याला. अर्धा नाही, पूर्ण. निवडणुकीच्या चहाला वास येत नाही वाटतं.

"अण्णांनी खास निरोप पाठवलाय," तो म्हणाला. "प्रचाराला तुमचंच गाणं. पूर्ण. चौथ्या अंतऱ्यासकट. नाव अण्णा स्वतःच्या तोंडाने म्हणणार. तुमच्या वडिलांचा फोटो स्टेजवर लावू, हार घालू."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. हेच तर हवं होतं आम्हाला, नाही का? नाव. फोटो. हजारो लोक. क्षणभर माझं मन गेलं तिकडे, नाही म्हणणार नाही.

"ज्या अंतऱ्यात लिहिलंय हात जोडू नका," मी विचारलं, "तो म्हणून अण्णा मतांसाठी हात जोडणार?"

तो हसला. "राजकारण आहे अक्का. स्वल्प अ‍ॅडजस्ट..."

"न्हाई," आई म्हणाली. माझ्या आधी. कपबशी उचलून ती आत गेली.

मॅनेजर माझ्याकडे वळला. मी उभी राहिले आणि दार पूर्ण उघडं केलं.

परवा आमच्या वस्तीत अण्णाची सभा आहे. आमच्याच चौकात. त्याच्या आधी तासभर तिथे मी गाणार आहे, बाबूमामा ढोलकी घेऊन येणार आहेत. परवानगी आम्हीही काढली आहे. आता मी ते गाणं कोळसा वेचणाऱ्या आईपासून सुरू करत नाही. चौथ्या अंतऱ्यापासून करते. रावजीचं नाव आधी, मागणं आधी, रडणं नंतर. ज्याला ते नाव सोसत नाही, त्याने पहिल्याच ओळीला उठून जावं.